खंडेनवमीची बंदूक

बंदूक पुजायची कल्पना नानांची, ती मागून आणायचा आगाऊपणा निवेदिताचा, आणि भोगायला लागलं डिनी क्रोनिनला. एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढचं आठवलं की निवेदिताचं डोकं अजून तापतं, आणि डोकं तापलं की ती कुणाचंच ऐकून घेत नाही.

निवेदिता आयरिश किनाऱ्यावर, कॉर्कजवळच्या रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. घर तिथून पंचवीस मिनिटांवर, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागेल अशा रस्त्याच्या टोकाला. घरात ती, नवरा मुकुल, नऊ वर्षांची स्वरांगी, आणि त्या वर्षी तीन महिन्यांसाठी आलेले नाना, म्हणजे तिचे वडील. समोर डिनीचं शेत. डिनी पन्नाशीचा, एकटा, दीडशे मेंढ्यांचा धनी. पहिल्या हिवाळ्यात मुकुलनं गाडी चरात घातली तेव्हा न बोलावता ट्रॅक्टर घेऊन आलेला हाच.

आणि गावात दुसऱ्या कुणी सांगायच्या आत स्वतःचं जुनं लफडं सांगायला आलेलाही हाच. टोपी हातात धरून दारात उभा राहिला होता. "तुमच्या घरात लहान मुलगी आहे. तुम्हाला माहीत असायला हवं," म्हणाला. तेविसाव्या वर्षी, दारूच्या नशेत, पबबाहेरच्या भांडणात त्यानं एकाच्या तोंडावर बाटली मारली होती. त्या माणसाचा एक डोळा गेला तो गेलाच. डिनीनं दोन वर्षं तुरुंगात काढली, आणि बाहेर आल्यापासून दारूच्या थेंबाला शिवला नाही. बापाची दुनळी बंदूक होती, तिचा परवाना मागायला गेला तर दोनदा नकार. तिसऱ्यांदा, सुटल्याला अकरा वर्षं झाल्यावर, मिळाला.

मेंढ्यांच्या माणसाला बंदूक म्हणजे काही चैन नव्हे. कोकरू धड उभं राहायच्या आत करडे कावळे त्याचे डोळे टोचतात. कोल्हे आहेतच. आणि लोकांची लाडकी कुत्री मोकळी सुटली की एका सकाळीत दहा-दहा मेंढ्या फाडतात. डिनी तिथं बंदूक घेऊन नुसता उभा राहिला तरी पुष्कळ असतं.

त्या दिवशी दार लावून घेतल्यावर मुकुल म्हणाला होता, "माणूस सच्चा आहे. कोण सांगतं असं स्वतःहून?" हे मुकुलचे शब्द बरं का, निवेदिताचे नव्हेत.

नाना साताऱ्याकडचे. सतरा वर्षं फौजेत, मग वीस वर्षं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे. त्यांना इंग्रजी चार शब्द, डिनीला मराठी शून्य, तरी दोघं बांधाशी उभे राहून तास तास बोलत. नाना त्याला डिनीराव म्हणत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विषय काढला.

"फौजेत गेल्यापासनं एक बी वरीस चुकलं न्हाई गं. खंडेनवमीला हत्यार पुजायचं म्हंजे पुजायचं. आता हितं काय पुजू? तुजा लॅपटाप?"

"लॅपटॉपही पुजू की, नाना."

"त्ये हाईच. पर डिनीरावाकडं दुनळी हाय. धा मिंटं लागतील. हळदकुकू लावलं की परत."

तिथंच नाही म्हणायला हवं होतं. पण शहात्तर वर्षांचा बाप सात समुद्र ओलांडून येतो, थंडीला नावं ठेवत नाही, जेवणाला नावं ठेवत नाही, आणि एवढं एकच मागतो. निवेदिता उठली आणि सरळ डिनीच्या अंगणात गेली.

डिनीनं ऐकून घेतलं आणि मान खाजवली. "ती मला दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, निव. कायदा आहे."

"मग तूच घेऊन ये ना. तू उभा राहा शेजारी. दहा मिनिटांचं काम आहे, देवाचं आहे."

"देवाचं," डिनी म्हणाला आणि जरा हसला. "बरं. तुझ्या वडिलांसाठी, हां."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो दाढी करून, भांग पाडून. बंदूक मोडून उघडलेली, नळ्या रिकाम्या, सगळी स्वच्छ टॉवेलात गुंडाळलेली. त्या माणसाकडून कसूर म्हणून नव्हती. कसूर झाली ती निवेदिताच्या उंबऱ्यावर. डिनीच्या पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, त्यांना शेणामातीचा थर. आत चौरंग मांडलेला, निरांजन लागलेलं. डिनी वाकून बूट काढायला लागला, एक निघाला, दुसरा काही केल्या निघेना.

"राहू दे, राहू दे! मी नेते," निवेदिता म्हणाली आणि तिनं त्याच्या हातातून बंदूक घेतली.

घ्या! मळके बूट देवापाशी नकोत, एवढं एकच तिच्या डोक्यात. बंदुकीला परवाना असतो, तो एका माणसाच्या नावावर असतो, हे आदल्याच दिवशी त्यानं तोंडानं सांगितलेलं, ते कुठल्या कुठे गेलं. डिनी एक पाय मोज्यावर, एक पाय बुटात, असा दारात ताटकळत राहिला आणि त्याची बंदूक दोन खोल्या पलीकडे जाऊन चौरंगावर बसली.

चौरंगावर लॅपटॉप होता, कुकर होता, विळी नव्हती म्हणून सुरी होती, स्वरांगीची हर्ली होती, म्हणजे तिची शाळेतली खेळायची काठी, आणि मधोमध दुनळी. नानांनी हळदकुंकू वाहिलं, शेवंतीची फुलं वाहिली, मग दोन पावलं मागं सरून ताठ उभे राहिले आणि सलाम ठोकला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. निवेदितानं फोटो काढला. सात-आठ मिनिटांत बंदूक परत डिनीच्या हातात गेली, बरोबर वाटीभर शिरा. दारातच उभं राहून तो त्यानं चाटूनपुसून खाल्ला.

इथपर्यंत ठीक होतं. पण आपल्या लोकांना सण साजरा करून भागत नाही, तो दाखवावा लागतो. निवेदितानं फोटो इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. दोनशे तीस माणसं. खाली लिहिलं, 'आमची खंडेनवमी! लॅपटॉप, कुकर, हर्ली आणि आमचे शेजारी डिनी क्रोनिन यांची खरीखुरी बंदूक!' नाव-आडनावासकट. कुणी विचारलं होतं का? नव्हतं.

मंडळाचा सचिव उपेंद्र. कॉर्कमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि उरलेल्या वेळात लोकांचं भलं करणारा. त्यानं ते नाव इंटरनेटवर टाकलं आणि जुन्या वर्तमानपत्रातली बातमी उकरून काढली. संध्याकाळपर्यंत ती ग्रुपवर. 'आपल्या सणात शिक्षा झालेल्या गुन्हेगाराचं हत्यार? मुलं होती घरात! अशा माणसाला बंदूक मिळतेच कशी?' मग काय विचारता! ज्यांनी सकाळी फोटोला हात जोडले होते त्यांनीच संध्याकाळी तोंडाला हात लावले. मंडळातली एकटी यामिनी म्हणाली की अहो, शिक्षा भोगून झाली ना त्याची? तिला कुणी उत्तरही दिलं नाही. उपेंद्रनं तेवढ्यावर थांबावं की नाही? त्यानं फोटो आणि बातमी दोन्ही गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी निवेदिता कामावरून आली तर नाना खिडकीशी उभे.

"डिनीरावाची बंदूक घिऊन गेलं गं पोलीस," ते म्हणाले. "म्या बगितलं. त्यो काय बी बोलला न्हाई. नुसता हुबा व्हता."

ती तशीच कामाच्या कपड्यांत पलीकडे गेली. डिनी मेंढ्यांचे खूर कापत होता.

"चौकशी आहे, नेहमीची," तो मान वर न करता म्हणाला. "आणि हे बघ, तुमच्याकडे कुणी आलं तर लक्षात ठेव. बंदूक मीच आत आणून ठेवली, फुशारकी मारायला, आणि तिथंच सोडून बाहेर गेलो. तुमच्यापैकी कुणी तिला हात लावलेला नाही."

"असं सांगितलंस तू त्यांना?"

"तुमचे नागरिकत्वाचे कागद आत गेलेत ना? त्यात चांगली वर्तणूक पाहतात."

निवेदिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती कुणावर काढावी तेच कळेना. तिनं अंगणातूनच उपेंद्रला फोन लावला.

"वहिनी, मी नागरिक म्हणून माझं कर्तव्य केलं," उपेंद्र शांतपणे म्हणाला. असल्या माणसांचा आवाज कधी चढत नाही.

"कुठले नागरिक? तुमचे कागद तर अजून भरायचेत! आणि बंदूक त्याच्या हातातून मी घेतली, हे मला विचारायचं तरी होतं. एक फोन केला असता तर अंगाला भोकं पडली असती का?"

"मुद्दा तो नाहीच. एकदा हिंसा केलेल्या माणसाला पुन्हा हत्यार द्यावं का, हा मुद्दा आहे."

"मुद्दे कसले मांडताय! माणूस राहतो इथं, माझ्या समोर. सात वर्षं बघतेय मी त्याला!" ती ओरडली.

रात्रीचं जेवण तिनं नुसतं चिवडलं. नाना आणि स्वरांगी उठून गेल्यावर ती म्हणाली, "मी उद्या स्टेशनवर जाऊन खरं सांगणार आहे."

मुकुलनं चमचा खाली ठेवला. "तुला वेड लागलंय का? परवाना नसताना बंदूक हातात घेतली, हे स्वतःच्या तोंडानं सांगणार? सात वर्षं थांबलोय आपण त्या कागदांसाठी. नानांचं काय होईल, ठाऊक आहे? त्यांनीही हात लावलाय."

"आणि डिनीचं काय?"

"डिनी मोठा माणूस आहे. त्यानं ठरवलंय ना आपल्याला वाचवायचं? मग वाचू दे की आपल्याला."

"सच्चा माणूस, असं तूच म्हणाला होतास, मुकुल. आता त्याच्याच खोटेपणावर संसार करायचा होय आपण?"

मुकुलनं ताटं गोळा केली. मग म्हणाला, "एक सांगू? ज्याचा डोळा गेला ना, त्याला जाऊन विचार, डिनीला बंदूक द्यावी का म्हणून. तो काय म्हणेल?"

तो प्रश्न वाईट नव्हता, आणि म्हणूनच तिला तो जास्त झोंबला. पण तो प्रश्न अकरा वर्षांनी एका अधिकाऱ्यानं सगळे कागद समोर ठेवून सोडवला होता. आता जे चाललं होतं ते त्या डोळ्याचं नव्हतंच. आता जे चाललं होतं ते तिच्या उंबऱ्यावरच्या चिखलाचं होतं, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याला होणार होती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती स्टेशनवर गेली. टेबलामागे सार्जंट बाई होत्या, पांढरे आखूड केस, चेहरा प्रेमळ. निवेदितानं कारखान्यात अहवाल लिहितात तसं सगळं क्रमानं सांगितलं. तिथं एखादी बॅच बिघडली की कुणाच्या हातून, किती वाजता, का, हे लिहावंच लागतं. आणि ज्याच्या हातून घडलं त्याचंच नाव लिहावं लागतं, सोयीचं असेल त्याचं नाही. आदल्या दिवशी डिनी नको म्हणत होता, तेही तिनं सांगितलं. बूट सांगितले. चौरंग सांगितला. सगळं एका दमात.

सार्जंट बाईंनी चहा मागवला. "अहो, तुम्हाला आमचा कायदा काय माहीत! सण होता, वडील होते. तुमच्या नावावर काही नाही, गाडीच्या वेगाचा दंडसुद्धा नाही. निश्चिंत घरी जा. यात तुमचं नाव कुठेही येणार नाही."

खरं सांगायचं तर निवेदिताला त्या क्षणी हायसं वाटलं. आत काहीतरी सैल पडलं. आणि लगेच तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं चहाचा कप दूर सारला.

"म्हणजे डिनीचीही भानगड मिटली?"

"डिनी क्रोनिनची गोष्ट वेगळी. त्याला इतिहास आहे."

"इतिहास त्याचा आहे, चूक माझी आहे!" तिचा आवाज इतका चढला की पलीकडच्या खोलीतून एकानं डोकं बाहेर काढलं. "बंदूक उचलली मी. आत नेली मी. फोटो जगाला दाखवला मी. त्यानं फक्त माझ्यावर विश्वास ठेवला. आणि तुम्ही मला चहा पाजताय, त्याची बंदूक जप्त करताय? लिहून घ्या. माझं नाव लिहा."

"विचार करा," सार्जंट बाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "एकदा लिहिलं की ते राहतं."

"त्याचं राहिलंच आहे की. कागद द्या."

तिनं दोन पानं लिहिली, खाली सही केली, तारीख घातली. मुकुल तिच्याशी आठवडाभर बोलला नाही. नाना मात्र त्या रात्री तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ब्येस केलंस." नोव्हेंबरच्या शेवटी ते परत गेले. जाताना डिनीनं त्यांना विमानतळावर सोडलं, आणि दोघं एकमेकांच्या पाठीवर थापट्या मारत राहिले.

जानेवारीत एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. निवेदिता आणि मुकुलचं नागरिकत्व मंजूर. फेब्रुवारीच्या अखेरीस शपथविधी. आणि समोरच्या घरी, डिनी क्रोनिन यांचा परवाना रद्द; ते पत्र डिनीनं तिला आधीच दाखवलं होतं. कारणं दोन: हत्यार ताब्याबाहेर जाऊ दिलं, आणि परवानाधारकाची पूर्वीची शिक्षा. निवेदिताच्या दोन पानांचा उल्लेख एका ओळीत होता, की ती विचारात घेतली आहेत. विचारात घेतली म्हणे! त्याच दोन पानांनी तिच्या चांगल्या वर्तणुकीला एक चरा पडला नव्हता.

आपलं पत्र हातात घेऊनच ती पलीकडे गेली. डिनीची कोकरं त्या वर्षी लवकर आली होती. शेडच्या भिंतीशी दोन मेलेली पडली होती, एकाला डोळे नव्हते. डिनी पत्र्याचा डबा बडवून कावळे हाकलून आला होता. त्यानं हात पँटला पुसले, तिचं पत्र सावकाश वाचलं, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

"ग्रँड! वडिलांना कळवलंस का? अभिनंदन, निव. मनापासून."

"अभिनंदन काय करतोस!" ती फाटक्या आवाजात ओरडली. "ज्या गोष्टीसाठी तुझी बंदूक गेली तीच मी केली, तुझ्यापेक्षा जास्त केली, आणि मला पासपोर्ट! रागाव की! माझ्यावर रागाव, त्या उपेंद्रवर रागाव, परवाना रद्द करणाऱ्या त्या साहेबावर रागाव! तू इतका थंड कसा?"

डिनीनं कुणी ऐकत नाही ना म्हणून रस्त्याकडे पाहिलं. रिकाम्या रस्त्याकडेही त्यानं पाहिलं, हे निवेदिता कधी विसरणार नाही.

"उपेंद्रनं विचारलं त्यात चूक नाही," तो म्हणाला. "त्या माणसाचा डोळा मीच घालवला. विचारू दे लोकांना, जन्मभर विचारू दे. पण रागाचं म्हणशील तर, मी एकदा आवाज चढवला की लोकांना तो तेवीस वर्षांचा पोरगा दिसतो. मेंढ्यांच्या बाजारात फसवलं तरी मी हसतो. दवाखान्यात रांग मोडून कुणी पुढं घुसलं तरी हसतो. तुरुंगातून सुटल्यापासून मी कुणावर ओरडलेलो नाही, निव. बंदुकीचा परवाना त्यांनी मला एकदा दिला होता. रागवायचा कधीच दिला नाही."

सात वर्षं निवेदिता या माणसाला स्वभावानं शांत समजत होती. शांत, गरीब, देवमाणूस, असं आल्या-गेल्याला कौतुकानं सांगत होती. तिला भडभडून आलं, आणि त्याहून जास्त संताप आला, आणि तो आता कुणा एकावर नव्हता.

"माझा आहे ना माझ्यापाशी," ती म्हणाली. "अपिलाला तीस दिवस आहेत. वकिलाचा नंबर दे."

"निव, नको. मी दोनदा उभा राहिलोय असल्या लोकांपुढे. तुला ठाऊक नाही तिथं कसं वाटतं."

"नंबर दे म्हटलं ना!"

त्यानं दिला. तिनं तिथंच शेणात उभं राहून स्पीकरवर फोन लावला. वकील समजूतदार होता. म्हणाला की साक्ष मोलाची आहे, पण उघड्या कोर्टात, शपथेवर, सगळ्यांसमोर सांगावं लागेल. वर्तमानपत्रातही येईल. तुमचा शपथविधी तोंडावर आहे, तोवर काहीही अडू शकतं. आपण त्यानंतरची तारीख मागून घेऊ, म्हणजे तुम्हाला धोका नको.

डिनी समोर उभा राहून जोरजोरानं मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण.

"नाही," निवेदिता म्हणाली. "शपथविधीच्या आधीचीच मागा. ज्या हातांनी बंदूक आत नेली ते हात आधी बघू देत त्यांना. मग वाटलं तर करू देत नागरिक, नाही तर राहू देत."